निरोपाच्या टाळ्या

१

त्या ऑफिसातून कुणाला कधी काढून टाकलं गेलं नाही. माणसं जात होती, आज हा तर परवा तो. पण 'काढलं' हा शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नसे. माणूस 'पुढच्या टप्प्यावर' जाई. 'नव्या संधींसाठी मोकळा' होई. फारच जुना असला तर 'आपल्या अनुभवाचा लाभ बाहेरच्या जगाला देण्यासाठी' निघे. आणि रांगेतल्या खुर्च्या रिकाम्या पडल्या की त्याला 'कामाची सुटसुटीत फेरमांडणी' म्हणत. परक्याने ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे कुणीतरी सोफा आणि कपाटं हलवतंय.

ही सगळी वाक्यं एकाच बाईच्या हातची. हुद्दा लांबलचक होता, अंतर्गत संवाद का काय ते, पण सगळे तिला मऊताई म्हणत. कसलीही बातमी द्या, ही बाई ती मऊ करून देणार. कॅन्टीन बंद झालं तेव्हा तिने असं काही लिहिलं होतं की दोघं-तिघं येऊन तिचे आभार मानून गेले. आता बोला! तिलाही मनातून कौतुक होतं स्वतःचं, का नसावं? वाईट बातमी तर द्यावीच लागते, मग निदान लागू नये इतपत गुंडाळून द्यावी, असं ती म्हणे.

टाळ्यांची पद्धतही तिचीच. पूर्वी एकदा एका माणसाने निघताना असा काही धिंगाणा घातला, खुर्ची आपटली, सगळ्यांचे बाप काढले, की साहेबांचं धाबंच दणाणलं. तेव्हा मऊताईने सुचवलं. माणसाला त्या काचेच्या छोट्या खोलीत बोलवायचं, जिला सगळे काचघर म्हणत. तिथे माणसांच्या भरतीचं नि निरोपाचं खातं बघणाऱ्या मॅडमनी निवेदन वाचायचं. तो बाहेर आला की सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत टाळ्या वाजवायच्या. साधीच गोष्ट, पण काय लागू पडली! टाळ्या वाजत असताना माणसाला ओरडता येत नाही हो. धड रडताही येत नाही. तो उलट हसतो, मान लववतो, 'थँक्यू, थँक्यू' म्हणतो आणि खोकं सांभाळत लिफ्टमध्ये शिरतो. दार मिटलं की टाळ्या थांबत, सगळे खाली बसत, आणि कुणीतरी हळूच मशीनचा चहा आणायला उठे.

हिशेबकाका गेले तो दिवसही तसाच होता. काका हिशेबखात्यातले सगळ्यात जुने, तिरसट तोंडाचे आणि मनाने लोणी. खोक्यामुळे त्यांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून मऊताईने पुढे होऊन लिफ्टचं बटण दाबलं. काका आत शिरले, वळले, हसले. काका कधी हसत नसत, त्यामुळे तिला जरा चमत्कारिकच वाटलं. दार मिटलं. तिच्या मागे टाळ्या थांबल्या, खुर्च्या करकरल्या.

आणि टाळ्या चालूच राहिल्या.

खालून येत होत्या. मिटलेल्या दाराच्या फटीतून, खूप हातांच्या, दबक्या. लिफ्ट थोडीशी खाली जाऊन थांबल्याचा आवाज आला, 'टिंग' झालं, आणि त्या टाळ्या एकदम वाढल्या. कुणी पाहुणा घरात आल्यावर वाढाव्यात तशा. मग हळूहळू विरल्या. मऊताईने मागे वळून पाहिलं. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसलेले. तिचा हात अजून बटणावरच होता.

२

प्रतिध्वनी असेल, असं तिने स्वतःला बजावलं. लिफ्टची विहीर पोकळ, आवाज खाली जातो, आपटून वर येतो. झालं. पण प्रतिध्वनी वाढतो का? आणि 'टिंग' झाल्यावरच वाढतो? दोन दिवस ती अस्वस्थच होती. बसली की उठावंसं वाटे, उठली की लिफ्टकडे पाय वळत. शेवटी तिने खाली जाऊन दारावरच्या रखवालदाराला गाठलं.

"आपल्या खालच्या मजल्यावर कोण आलंय हो नवीन?"

"कोण येणार, ताई? दोन वर्षं ओस पडलाय तो मजला. भाडेकरू मिळेना मालकाला."

"मग टाळ्या कोण वाजवतं?"

रखवालदाराने तिच्याकडे असं पाहिलं की तिलाच ओशाळल्यासारखं झालं. तरी चांगला माणूस, किल्ल्या घेऊन उठला. "चला, दाखवतोच तुम्हाला. मनात किंतू नको."

मजला खरंच रिकामा होता. राखाडी गालिचा, त्यावर पूर्वीच्या टेबलांच्या पायांचे खोल ठसे, भिंतीतून लोंबणाऱ्या तारा, खिडकीत मेलेल्या माश्या. धूळ एवढी की रखवालदाराला शिंका आल्या. मऊताईच्या जिवात जीव आला. ती निघायला वळली आणि तेव्हा तिचं लक्ष लिफ्टच्या दारासमोर गेलं. तिथे धूळ नव्हती. दारासमोरचा अर्धगोल तेवढा स्वच्छ होता, आणि गालिचा चेपून चेपून गुळगुळीत झाला होता. खूप माणसं रोज एकाच जागी उभी राहिली की होतो तसा.

"इथे झाडता का तुम्ही?"

"मी? मला काय उद्योग नाहीत का?" रखवालदार हसला. मग त्यालाही ते दिसलं असावं, कारण त्याने हसू आवरलं. "वारा येतो विहिरीतून. उडवून नेतो धूळ."

"बरं, ते काका परवा खाली उतरले, तुमच्यासमोरून गेले ना? मोठं खोकं होतं हातात."

तो डोकं खाजवू लागला. "काका... नाही बुवा दिसले. पण मी चहाला गेलो असेन, ताई. नेमका तेव्हाच गेलो असेन."

३

काकांची उशी राहिली होती. खुर्चीवर ठेवायची, भोक असलेली, पाठीच्या दुखण्यासाठीची. तिच्यावरून ऑफिसने काकांची आयुष्यभर चेष्टा केली. कुणीतरी ती कचऱ्यात टाकणार होतं, तेवढ्यात मऊताईने उचलली. तिला निमित्तच हवं होतं. दोन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी ती उशी काखोटीला मारून काकांच्या घरी गेली.

दार काकूंनी उघडलं. गोल, हसऱ्या काकू, हाताला कणीक लागलेली.

"अगंबाई, या या! पण ते नाहीत हो घरी. ऑफिसला गेलेत."

मऊताईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कुठल्या ऑफिसला?"

"आता कुठल्या म्हणजे? तुमच्याच की. हल्ली शनिवारीही जातात. पुढचा टप्पा आहे म्हणे, काम वाढलंय. डबा घेऊन सकाळी निघतात ते संध्याकाळीच." काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं. "एक सांगू? फार बदललेत. सबंध संसार मिठावरून भांडण्यात गेला आमचा. आमटीत मीठ जास्त, भाजीत कमी. आता काहीही वाढा, गप्प जेवतात. छान म्हणतात. मलाच चुकल्यासारखं होतं."

मऊताईला उलगडा झाला. बिचाऱ्यांनी बायकोला सांगितलंच नाही! डबा घेऊन कुठल्यातरी बागेत, वाचनालयात दिवस काढत असणार. लाजेपायी माणसं करतात असं, तिने ऐकलं होतं. ती उठायच्या विचारात होती, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

काका आत आले. नीट इस्त्रीचा सदरा, हातात डबा. मऊताईला पाहून ते हसले. लिफ्टमध्ये हसले होते अगदी तसंच.

"काका, तुमची उशी राहिली होती."

"इतक्या वर्षांच्या सहवासाबद्दल मी कृतज्ञ आहे," काका म्हणाले.

"अहो काका, मी आहे."

"प्रत्येक निरोप ही एका नव्या सुरुवातीची चाहूल असते." आवाजात ना तिरसटपणा ना काही. "मी माझ्या पुढच्या टप्प्याकडे उत्सुकतेने पाहतो आहे."

मऊताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती वाक्यं तिची होती. काकांच्या निवेदनातली, जशीच्या तशी. 'उत्सुकतेने' हा शब्द तर तिने दोनदा खोडून पुन्हा घातला होता. काकांनी उशी घ्यायला हात पुढे केले, आणि तिला त्यांचे तळहात दिसले. लालभडक, सुजलेले, बोटांच्या पेरांशी कातडी फाटलेली.

"रोजचं आहे हो हे," काकू मागून कुजबुजल्या. "मी खोबरेल लावते. कामच तसं असेल. तुम्हाला माहीत असेल ना?"

जिना उतरताना मऊताईला एकच विचार छळत राहिला. निवेदन वाचलं, टाळ्या वाजल्या, पण काकांना 'तुमची नोकरी गेली' असं सरळ तोंडावर म्हणालं कोण? कुणीच नाही. मॅडम नाही, साहेब नाही. आणि मघाशी समोरासमोर बसून तिनेही नाही.

४

तिचा धाकटा भाऊ त्याच ऑफिसात होता. तिनेच शब्द टाकून चिकटवला होता त्याला, मालाच्या नोंदींच्या कामावर. घरी बायको, नुकती पालथी पडायला लागलेली मुलगी. तोंडाने फटकळ, रागाला लवकर, हसायला त्याहून लवकर. येता-जाता तिच्या टेबलावर टिचकी मारून विचारायचा, "काय ताई, आज कुणाला मऊ केलंस?"

सोमवारी मॅडमनी तिला काचघरात बोलावलं. मॅडम नेहमी हळू, गोड बोलत. टेबलावर कागदी रुमालांचा डबा आणि प्लास्टिकचं रोपटं.

"एक निवेदन हवंय. उद्या सकाळसाठी." मॅडमनी नाव सांगितलं.

धाकट्याचं.

"मॅडम, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तर. तुम्ही मायेने लिहाल."

"त्याची मुलगी लहान आहे हो. दुसरं काही... त्याला दुसरीकडे कुठे..."

"तो पुढच्या टप्प्यावर चाललाय," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. काचेपलीकडे धाकटा फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत होता. मऊताईने क्षणभर मॅडमच्या हातांकडे पाहिलं. ते टेबलाखाली होते.

ती जागेवर येऊन बसली. लिहायचं नाही, असं ठरवूनच बसली. हात मात्र कळफलकावर गेले आणि निवेदन आपसूक उमटलं. सुंदर उतरलं होतं. धाकट्याचा तो हसरा स्वभाव, 'सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर त्याने फुलवलेली प्रसन्नता', सगळं. वाचताना तिला दिसलं, तोच धाकटा काकांसारखा नीट इस्त्रीच्या सदऱ्यात दारात उभा आहे, मुलगी त्याच्याकडे झेपावतेय, आणि तो तिला म्हणतोय, मी उत्सुकतेने पाहतो आहे. तिने सगळं पुसून टाकलं.

तू खुळी झालीस, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं. एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, विहिरीत आवाज घुमतो, रखवालदार चहाला जातो. सगळ्याला कारण आहे. असेल. पण भावाला त्या लिफ्टमध्ये ती पाय ठेवू देणार नव्हती, एवढं मात्र पक्कं.

५

सकाळी तिने त्याला जिन्यात गाठलं. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर, जिथे पोरं विड्या फुंकायला उभी राहत.

"काय गं, एवढी पांढरीफटक? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे." मनात वाक्यांची रांग लागली होती. कधीकधी आयुष्यात बदल येतात. प्रत्येक शेवट ही. तिने ती सगळी दातांखाली दाबली. "तुला काढलंय."

"काय?"

"नोकरी गेली तुझी. आज नारळ देणार आहेत तुला. टप्पा-बिप्पा काही नाही. काढलंय."

तो आधी हसला. मग तिचा चेहरा पाहून थांबला. मग मात्र त्याचा पारा चढला तो चढलाच. "आणि तुला कधीपासून माहितीय? तू लिहिणार होतीस ना? माझ्यावर? सख्ख्या भावावर? शाब्बास, ताई!"

"शिव्या घाल. पाहिजे तेवढ्या घाल. पण वर येऊ नकोस. लिफ्टने जाऊ नकोस, माझी शपथ. जिन्याने खाली उतर आणि घरी जा. बायकोला आत्ताच्या आत्ता सांग. याच शब्दात सांग. मला काढलं, असं सांग."

"मग काय, ओवाळून घेतलं सांगू? मेले लेकाचे!" त्याने कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याला अशी लाथ हाणली की डबा गडगडत खालच्या वळणापर्यंत गेला. डोळ्यांत पाणी आलेलं, नाक लाल. तिला इतका आवडला तो त्या क्षणी की काही विचारू नका. शिव्या देत, पाय आपटत तो उतरत गेला, आणि तळाचं दार धाडकन आपटल्याचं ऐकू आलं तेव्हाच तिने श्वास सोडला.

वर सगळे उभे होते. मॅडम काचघराच्या दारात, हात पुढे बांधून. माणूस आलाच नाही. कुणालाच काय करावं कळेना. तेवढ्यात लिफ्ट आपली आपण वर आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. आतला दिवा जरासा लुकलुकला, दार मिटलं, आणि ती रिकामीच खाली गेली.

'टिंग'.

खाली टाळ्या सुरू झाल्या. मग त्या अडखळल्या. एकेक हात थांबत गेला. शेवटचा कुणीतरी एकटाच बराच वेळ वाजवत राहिला आणि तोही थांबला. या खेपेला मजल्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं असणार, कारण कुणीही कुणाकडे पाहत नव्हतं.

६

दुपारी मॅडमनी तिलाच बोलावलं. मऊताईला आश्चर्य वाटलं नाही. मॅडम वाचू लागल्या आणि ती ऐकत बसली. तिचीच वाक्यं होती. याच्या निवेदनातलं एक, त्याच्यातलं एक, काकांच्यातली दोन. स्वतःचं लिहिलेलं स्वतःला लागू होताना ऐकणं म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदाच कळलं; आणि खरं सांगायचं तर ऐकताना बरं वाटत होतं. खांदे सैल पडत होते. हसू येत होतं.

ती ताडकन उठली. "वाचू नका पुढे."

बाहेर सगळे उभे राहिले होते. पहिली टाळी पडली तशी ती कानांवर हात ठेवून जिन्याकडे पळाली. पर्स नाही, खोकं नाही, काही नाही.

खालच्या मजल्यापाशी जिन्याचं दार होतं, त्याला चेहऱ्याएवढी काच. तिकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण वरच्या टाळ्या थांबल्या होत्या आणि काचेमागे काहीतरी हललं. तिने पाहिलं.

ऊन खिडकीतून तिरकं आत आलेलं. राखाडी गालिचा. लिफ्टच्या दारासमोर, अर्धगोलात, माणसं उभी होती. पाठमोरी. नीट कपडे, नीट भांग, पायाशी डबे ठेवलेले. हात सगळ्यांनी छातीपाशी धरलेले, दोन तळव्यांत थोडं अंतर. वाट पाहत होती. काकांची पाठ तिने ओळखली. पहिल्या रांगेत दोन जागा मोकळ्या होत्या, शेजारी शेजारी.

एकाने मान वळवायला सुरुवात केली. ती पूर्ण वळेपर्यंत मऊताई थांबली नाही.

७

घरी आई ओट्याशी उभी राहून तोंडाचा पट्टा चालवत होती. धाकट्याचा फोन येऊन गेला होता.

"काढलं म्हणे गं त्याला! मुडदा बसवला त्या ऑफिसचा! एवढा राबणारा पोरगा. मी म्हटलं, रडायचं नाही, बायकोला घेऊन जेवायला ये उद्या. रडला हो तरी. दोघंही रडली. मग पोरीने दुपट्यावर शी केली आणि हसायला लागली दोघं." आईने डोळे पुसले आणि मऊताईच्या गालावरून ओला हात फिरवला. "तू आहेस तिथे, म्हणून धीर आहे बघ मला. तुझं तरी नीट आहे. तूही गेली असतीस तर मी काय केलं असतं गं?"

आता सांग, मऊताईच्या मनात आलं. एका वाक्याचं काम. मलाही काढलं, आई. सकाळी भावाला नाही का सांगितलंस? पण सकाळी समोर भाऊ होता आणि आता आई होती, तिच्याकडे डोळे लावून उभी. आईला लागेल. जरा गुंडाळून सांगावं, निदान आजच्या दिवस.

"आई, माझंही जरा... मी पुढच्या टप्प्यावर चाललेय."

"म्हणजे बढती?" आईचा चेहरा उजळला. "आणि हे असं सांगतेस होय! बरं झालं बाई, एवढं तरी चांगलं झालं आज!"

मऊताई फक्त हसली. खांदे पुन्हा तसेच सैल पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने डबा भरून हातात दिला आणि भाजी आणायला खाली गेली. मऊताई तयार होऊन उभी होती. नीट इस्त्रीची साडी. साडी कधी नेसली ते आठवेना. फोन वाजला, तिने तो ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. धाकटा होता.

"ताई, काल फार बोललो गं तुला. सॉरी. आणि तू सांगितलंस ते बरं केलंस. सगळा राग ओकून टाकला, आता डोकं तरी चालतंय. आज दोन ठिकाणी जाऊन येतो." मग त्याने आवाज उतरवला. "ऑफिसातून एकाचा फोन आला होता. तुलाही डच्चू दिला म्हणे? खरं का?"

तिने तोंड उघडलं.

"आईला सांगितलं नाहीस ना? मला वाटलंच. हे बघ, मला तरी सांग. नुसतं हो म्हण."

हो. एवढंच म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. तिने डोळे मिटले, सगळा जीव गोळा केला, आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शांत, गोड, कुठेही न अडखळणारा.

"इतक्या वर्षांच्या सहवासाबद्दल मी कृतज्ञ आहे."

"ताई?"

"प्रत्येक निरोप ही एका नव्या सुरुवातीची चाहूल असते."

"ताई, चेष्टा करू नकोस. ताई!" पलीकडे धाकटा घाबरला होता, आवाज चढला होता. मग तो एकदम गप्प झाला, कान देऊन ऐकत असल्यासारखा. "तुझ्याकडे टाळ्या कोण वाजवतंय गं?"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. दार बंद होतं, आई अजून वर आली नव्हती. मऊताईने खाली पाहिलं. फोन ओट्यावर, डबा ओट्यावर, आणि तिचे तळहात केव्हाच लाल झाले होते.